मुलाच्या वॉर्निंगवर वंशाच्या चौकटीत ‘डब्ल्यू’. पोलिसांच्या या नोंदींतून खरंच काही कळतं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. थोडं लांबेल.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, अठरा वर्षं झाली. मी मूळचा सांगलीकडचा. मुलगा वीस वर्षांचा, कॉलेजात आहे, माझी जुनी कोरोला चालवतो. गेल्या सव्वा वर्षात त्याला पोलिसांनी तीन वेळा बाजूला घेतलं. एकदा मागचा दिवा गेला होता म्हणून. एकदा नंबर प्लेटवरची लाइट मंद आहे म्हणून. आणि परवा, वळताना सिग्नल उशिरा दिला म्हणून. टेक्सासच्या कायद्यात वळण्याआधी निदान शंभर फूट सिग्नल चालू असावा लागतो, तो याने कमी अंतरावर दिला असं म्हणणं. दिला असेलही, मी तिथे नव्हतो.

पण सिग्नलबद्दल एक वाक्य झालं आणि बाकी सगळे प्रश्न वेगळेच. कुठून आलास, कुठे चाललास, गाडी कोणाची, गाडीत काही आहे का, बघू का. मुलगा म्हणाला, “नाही, तपासायला माझी परवानगी नाही.” हे वाक्य आम्हीच त्याला शिकवलेलं. मग वीस-पंचवीस मिनिटं तसाच बसवून ठेवला आणि लेखी वॉर्निंग देऊन सोडला. दंड नाही.

घरी आला, जेवला, काही बोलला नाही. रात्री अकराला मी कचरा टाकायला बाहेर गेलो तर हा बंद गाडीत बसलेला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जसे पोलीस आल्यावर ठेवायला सांगितलेत तसे. मी काच वाजवली तर दचकला. तो दचकलेला चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दुसऱ्या दिवशी तो वॉर्निंगचा कागद नीट वाचला. नाव, पत्ता, गाडी, आणि वंशाच्या चौकटीत ‘डब्ल्यू’. गोरा. माझा मुलगा माझ्या वडिलांवर गेलाय. ज्यांनी सगळा जन्म उसाच्या फडात काढला त्यांच्या रंगाचा आहे. त्याला गोरा म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आमच्या गावचे पोलीस दरवर्षी सिटी कौन्सिलपुढे एक अहवाल ठेवतात, किती गाड्या थांबवल्या, कोणत्या वंशाच्या. राज्याच्या कायद्याने तो एक मार्चच्या आत द्यावाच लागतो. गेल्या वर्षीचा चाळला. शेवटी लिहिलंय की भेदभाव आढळला नाही. आता मला विचारायचंय ते असं. ज्या तक्त्यात माझा मुलगा गोरा म्हणून मोजला गेला, त्या तक्त्यावरून भेदभाव आढळला नाही असं कोणी कसं म्हणू शकतं? आणि तक्ता खरा असला तरी त्यावरून हे कळतं कसं? पुढच्या महिन्यात कौन्सिलपुढे तीन मिनिटं बोलता येतं. बायको म्हणते, आपण बाहेरून आलेली माणसं, कशाला पुढे पुढे करायचं. मला बोलावंसं वाटतंय, पण चुकीचं बोलायचं नाहीये.

हेमाडपंती

मुलाला त्रास झाला याचं मनापासून वाईट वाटलं. पण मी पंचवीस वर्षं या देशात गाडी चालवतोय. पाच वेळा थांबवलं, पाचही वेळा चूक माझी होती. रडारला कातडीचा रंग दिसत नाही.

ही वंशवार मोजणी मला पटत नाही. जिथे तक्रारी जास्त, तिथे गस्त जास्त, तिथे गाड्या जास्त थांबणार. त्यात जो समाज राहतो त्याचा आकडा वाढणार. त्याला वंशभेद म्हणायचं का? उलट पोलीस घाबरून काम कमी करतील आणि त्याचा फटका आपल्यालाच बसेल. तुमच्याकडचा ‘डब्ल्यू’ ही साधी चूक असेल. एवढा अर्थ काढू नका.

रानजाई

कृष्णाकाठ, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. बंद गाडीतलं तर तीनदा.

मी सोलापूरची, १९९७ पासून न्यू जर्सीत. संख्याशास्त्र शिकले, पोट त्याच्यावरच चालतं. पोलिसांची आकडेवारी हा माझ्या नोकरीचा विषय नाही, पण एका उन्हाळ्यात मी या प्रश्नाच्या अगदी कडेला उभी होते, म्हणजे खरोखरच रस्त्याच्या कडेला. म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर शाळेतल्या अपूर्णांकात आहे. पोलीस तुम्हाला अंश देतात, म्हणजे थांबवलेल्यांत इतके काळे, इतके गोरे, इतके हिस्पॅनिक. छेद कोणी देत नाही. छेद म्हणजे त्या रस्त्यावर मुळात कोण गाडी चालवत होतं आणि त्यातलं कोण नियम मोडत होतं. मग सोपं म्हणून जनगणनेचा आकडा छेदात घालतात. गावात अमुक टक्के काळे, थांबवलेल्यांत तमुक टक्के, फरक एवढा. हे चुकतं. तुमच्या गावातून जाणाऱ्या हायवेवर गावचे लोक किती असतील? लहान मुलं आणि म्हातारे जनगणनेत असतात, स्टिअरिंगमागे नसतात. हेमाडपंतींचा आक्षेप इथे योग्य आहे. लोकसंख्येशी तुलना करून ना भेदभाव सिद्ध होतो, ना निर्दोषपण. तुमच्या पोलिसांनी ‘आढळला नाही’ म्हणताना बहुधा हीच तुलना केली असेल, ते बघा.

खरा छेद मोजायचा असेल तर रस्त्यावर जावं लागतं. हे पहिल्यांदा नीट झालं ते आमच्याच टर्नपाइकवर, म्हणजे न्यू जर्सीच्या टोल हायवेवर. दक्षिण जर्सीत सतरा काळ्या आरोपींच्या वकिलांचं म्हणणं होतं की आमच्या अशिलांना रंग बघून थांबवलं. टेंपल विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन लॅम्बर्थ यांनी त्यांच्यासाठी पाहणी आखली. जून १९९३ मध्ये रस्त्याकडेला माणसं बसवून चाळीस हजारांहून जास्त गाड्या मोजल्या. साधारण १३.५ टक्के गाड्यांत काळी माणसं होती. पण मग प्रश्न आला की वेग कोण मोडतं? त्यासाठी बचावपक्षाचा एक वकील स्वतः गाडी घेऊन निघाला. मर्यादा ताशी ५५ मैल, याने गाडी ६० वर स्थिर ठेवली आणि मागून पुढे गेलेल्या प्रत्येक गाडीची नोंद टेपवर बोलून ठेवली. जवळजवळ सगळेच, ९८ टक्के, मर्यादा मोडत होते. मोडणाऱ्यांत काळे १५ टक्के. आणि पोलिसांनी थांबवलेल्यांत? ३५ टक्के. अटक झालेल्यांत ७३.

त्या ९८ टक्क्यांवर जरा थांबा. सगळेच नियम मोडत असतील तर कोणाला बाजूला घ्यायचं हे नियम ठरवत नाही, पोलीस ठरवतो. हेमाडपंती, रडारला रंग दिसत नाही हे खरं. पण रडारवर पन्नास गाड्या दोषी दिसतात आणि त्यातली एक निवडणारा माणूस असतो. १९९६ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट फ्रान्सिस यांनी हे आकडे मान्य केले आणि त्या खटल्यांतले पुरावे बाद ठरवले. राज्य सरकार मात्र लढत राहिलं. एप्रिल १९९८ मध्ये टर्नपाइकवर दोन पोलिसांनी चार काळ्या आणि हिस्पॅनिक तरुणांच्या व्हॅनवर अकरा गोळ्या झाडल्या. ती मुलं बास्केटबॉलच्या शिबिराला चालली होती. १९९९ मध्ये कुठे राज्याने लेखी कबूल केलं की हा प्रकार खरा आहे, लोकांच्या मनातला नाही. मग केंद्राशी करार झाला आणि प्रत्येक स्टॉपची नोंद सक्तीची झाली.

आता माझं. एमएस करताना एका उन्हाळ्यात मला अशाच एका पाहणीत मोजणीचं काम मिळालं. गावाचं नाव सांगत नाही. दोघींची जोडी, मी आणि एक गोरी मुलगी, चौकातल्या लिंबाच्या सावलीसारखी सावलीही नाही अशा जागी घडीच्या खुर्च्या टाकून. हातात क्लिपबोर्ड, कागदावर पाच रकाने. गोरे, काळे, हिस्पॅनिक, आशियाई आणि शेवटचा ‘सांगता येत नाही’. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, झाली एक जुडी. गाडी पुढून जाते तेव्हा चेहरा दिसतो दीड-दोन सेकंद. सकाळी काचेवर ऊन चमकतं, तेव्हा हनुवटी आणि हात एवढंच दिसतं. स्टिअरिंगवरच्या हातांवरून रंग ठरवायला आम्ही शिकलो.

एका दुपारी एक पिकअप सिग्नलला थांबली. आत हुबेहूब माझा मामा. तसाच रंग, तशाच मिशा, कोपर खिडकीबाहेर. मी ‘आशियाई’त रेघ मारली. शेजारची म्हणाली, हिस्पॅनिक. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि तो निघून गेला. तो कोण होता हे मला आजही माहीत नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. या रकान्यात माणूस कोण आहे ते लिहिलेलं नसतं. बघणाऱ्याला तो कोण वाटला ते लिहिलेलं असतं.

आणि भेदभाव शोधायला नेमकं हेच लागतं. पोलीस तुमच्या मुलाचा जन्मदाखला बघून गाडी थांबवत नाही, काचेतून जे दिसतं त्यावर थांबवतो. म्हणून ‘डब्ल्यू’ला दोनच अर्थ उरतात. एक तर त्याला मुलगा खरंच गोरा वाटला, किंवा चौकट भरायची म्हणून भरली. तुम्ही रंगाबद्दल जे लिहिलंय त्यावरून पहिलं कठीण वाटतं.

हे एकट्या तुमच्या गावात झालेलं नाही. २०१५ मध्ये ऑस्टिनच्या एका टीव्ही वाहिनीच्या पत्रकारांनी टेक्सासच्या राज्य पोलिसांच्या नोंदी काढल्या, तर गार्सिया, मार्टिनेझ, हर्नांडेझ, गोन्झालेझ अशा आडनावांची माणसं हजारोंनी गोरी म्हणून नोंदलेली. तोवरचे सगळे वार्षिक तक्ते त्याच नोंदींवर उभे. त्यानंतर तिथल्या पोलिसांना चालकालाच वंश विचारायला सांगण्यात आलं. कनेक्टिकटमध्ये २०२३ च्या तपासणीत राज्य पोलिसांच्या जवळपास २६ हजार तिकिटांचा न्यायालयाच्या नोंदींशी मेळ बसेना. तिकीट आहे, पण त्या तिकिटाचा माणूस नाही, आणि अशा तिकिटांत गोऱ्यांचं प्रमाण जास्त. पुढे बाहेरच्या तपासात बऱ्याच चुका निष्काळजीपणाच्या ठरल्या, मुद्दाम केल्याचा संशय थोड्यांवर राहिला, हेही सांगायला हवं. पण आकड्यांच्या दृष्टीने निष्काळजीपणा आणि लबाडी सारखंच नुकसान करतात. गोऱ्यांच्या रकान्यात खोटी भर पडली की बाकीच्यांचा वाटा आपोआप कमी दिसतो. तुमचा मुलगा त्या भरीतला एक आहे. ही साधी चूक असेलही, पण ती कोणत्या बाजूला झुकते ते बघा.

मोजणीतली आणखी एक गोष्ट सांगते, कारण तीच पुढे मोठी पद्धत झाली. संध्याकाळी साडेआठ होत आले की आमचा ‘सांगता येत नाही’ रकाना भरू लागायचा. पंधरा-वीस मिनिटांत सगळ्या रेघा तिथेच. मग आम्ही खुर्च्या गुंडाळायचो. २००६ मध्ये ग्रॉगर आणि रिजवे या दोन संशोधकांनी हाच अंधार कामाला लावला, ओकलंडच्या नोंदींवर. त्यांचं म्हणणं असं की आम्हाला रस्त्यावर जाऊन छेद मोजायची गरजच नाही. संध्याकाळचे सात घ्या. डॅलसमध्ये जूनमध्ये सात वाजता लख्ख उजेड असतो, डिसेंबरमध्ये सूर्य साडेपाचच्या आधीच गेलेला. वेळ तीच, कामावरून परतणारी माणसं साधारण तीच, फरक फक्त चेहरा दिसण्याचा. चेहरा दिसतो तेव्हा काळ्या चालकांचा वाटा जास्त आणि दिसत नाही तेव्हा कमी होत असेल, तर तो फरक कशाचा? स्टॅनफर्डच्या गटाने २०२० मध्ये २१ राज्य पोलीस दलं आणि ३५ शहरांच्या पोलिसांचे सुमारे साडेनऊ कोटी स्टॉप तपासले. अंधार पडल्यावर काळ्या चालकांचा वाटा घटलेला दिसला.

या पद्धतीतही भोकं आहेत. रस्त्यावर दिवे असतात. मागचा दिवा गेलेला रात्रीच कळतो आणि जुन्या गाड्या गरिबांकडे असतात. शिवाय एखाद्या वस्तीत गस्तच जास्त असेल तर तो भेद यात दिसत नाही, उजेडात आणि अंधारात तो सारखाच राहतो. हेमाडपंतींचा गस्तीचा मुद्दा म्हणून पूर्ण सुटत नाही.

पण गाड्यांच्या झडतीचे आकडे त्यालाही उत्तर देतात, आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त तेच पटतात. गाडी थांबवल्यानंतर काय झालं ते बघा. गस्त कितीही असो, थांबलेल्या गाड्यांतल्या कोणाची डिकी उघडायची हे त्या क्षणी ठरतं. पोलिसांचा अंदाज सगळ्यांना एकाच मापाने लावला जात असेल, तर माल (ड्रग्ज वगैरे बेकायदा वस्तू) सापडण्याचं प्रमाण साधारण सारखं यायला हवं. काळ्यांच्या गाड्या जास्त तपासल्या आणि सापडलं कमी, याचा अर्थ त्यांच्या बाबतीत कमी संशयावर डिकी उघडली.

मेरीलँडचं उदाहरण घ्या. १९९२ मध्ये रॉबर्ट विल्किन्स नावाचा हार्वर्डमध्ये शिकलेला वकील आजोबांच्या अंत्यविधीहून घरच्यांबरोबर परतत होता. राज्य पोलिसांनी गाडी थांबवली, तपासणीला त्याने नकार दिला, तर त्यांना पावसात रस्त्यावर उभं करून कुत्रा बोलावून गाडी हुंगवली. काही सापडलं नाही. तो कोर्टात गेला, आणि तडजोडीत पोलिसांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणं भाग पडलं. त्या नोंदी आल्यावर दिसलं की आय-९५ हायवेवर काळे चालक सुमारे १७ टक्के, पण तपासल्या गेलेल्यांत सत्तरहून जास्त. आणि माल सापडण्याचं प्रमाण? काळे असोत की गोरे, शंभरात २८ च्या आसपास. म्हणजे ‘त्यांच्याकडेच सापडतं’ हे ज्या खात्रीने म्हटलं जात होतं, ते आकड्यांत नव्हतंच. मिसूरीतल्या फर्ग्युसन गावच्या पोलिसांवर केंद्राने २०१५ मध्ये काढलेल्या अहवालात तर काळ्या चालकांची तपासणी दुपटीहून जास्त आणि सापडण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी कमी निघालं.

विल्किन्स पुढे न्यायाधीश झाले. पण माझ्या मनात राहते ती त्या पावसात उभी राहिलेली त्यांची वयस्कर माणसं. ती नोंद कोणत्याच रकान्यात नसते.

वहिनींना म्हणावं, तुमची भीती मला कळते, मीही वीस वर्षं तशीच गप्प राहिले. पण तुमच्या राज्यात हा अहवाल ज्या कायद्याने आज इतका तपशीलवार झालाय त्याला सँड्रा ब्लँडचं नाव आहे. अठ्ठावीस वर्षांची मुलगी, जुलै २०१५, लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून थांबवली आणि तिसऱ्या दिवशी कोठडीत मृत सापडली. तुमच्या मुलाला थांबवण्याचं कारण काय होतं ते तुम्हीच वर लिहिलंय. त्या मुलीच्या माणसांनी झगडून जो कागद मिळवून दिला, तो वाचून त्यातली चूक दाखवणं एवढंच तुम्ही करणार आहात.

पळसफूल

रानजाईताई, खूप छान समजावलंत. कॅलिफोर्नियातून थोडी भर.

आमच्याकडे २०१५ च्या कायद्याने (लोक त्याला ‘रिपा’ म्हणतात) नेमकं तुमच्या मामाचं तत्त्व लिहून ठेवलंय. पोलिसाने त्याला काय वाटलं तेच नोंदवायचं, चालकाला विचारायचं नाही, लायसन्सवरून ठरवायचं नाही. मोठ्या दलांनी २०१८ पासून सुरुवात केली. आणि यादीत ‘मध्यपूर्वेचे किंवा दक्षिण आशियाई’ असा वेगळा रकाना आहे, त्यामुळे आपण निदान मोजले तरी जातो. टेक्सासच्या यादीत आपल्याला ‘आशियाई’तच बसावं लागतं, चिनी, कोरियन, फिलिपिनो सगळ्यांबरोबर. तिथे आपल्या पोरांचं वेगळं काही घडत असेल तरी दिसणार नाही.

माझ्या भावाचं ह्यूस्टनकडचं सांगते. पोलिसाने वंश विचारला, भाऊ ‘इंडियन’ म्हणाला, कागदावर ‘आय’ आलं. म्हणजे अमेरिकन इंडियन, इथले मूळ रहिवासी. विचारूनही हे!

आणखी एक. २०२४ पासून आमच्याकडे पोलिसाला बाकी काही विचारायच्या आधी थांबवण्याचं कारण सांगावं लागतं. ‘का थांबवलं माहितीये का?’ असं विचारत बसता येत नाही. कृष्णाकाठ, तुमच्या मुलाची ती वीस मिनिटं वाचून हे आठवलं.

कृष्णाकाठ

रानजाईताई, एवढं कोणी कोणासाठी लिहीत नाही. प्रिंट काढून मुलाला दिलं.

गेल्या वर्षीचा अहवाल परत काढून बघितला. तुम्ही म्हणता तसंच आहे, तुलना गावच्या लोकसंख्येशी. आणखी एक रकाना दिसला, ‘थांबवण्याआधी वंश माहीत होता का’. जवळजवळ सगळीकडे ‘नाही’. मग चेहरा बघून थांबवलंच नाही असा त्याचा अर्थ घ्यायचा का? आणि नेमकं मागू काय? तीन मिनिटांत हे सगळं बोलता येणार नाही.

रानजाई

तो रकाना पोलिसाने स्वतःच स्वतःबद्दल भरलेला असतो, स्टॉप झाल्यानंतर. तो खोटाच असतो असं मी म्हणत नाही. पण भेदभावाचा प्रश्न ज्याच्याबद्दल आहे त्याच्याच शब्दावर उत्तर ठरवायचं, हे कोणत्याही तपासात चालत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

टेक्सासच्या माहितीच्या कायद्याखाली अर्ज करा. कारण द्यावं लागत नाही. बेरजा मागू नका, एकेका स्टॉपची ओळ मागा. तारीख आणि मिनिटापर्यंत वेळ, कारण त्याशिवाय उजेड-अंधार बघता येत नाही. जागा, थांबवण्याचं कारण, नोंदलेला वंश, तपासणी झाली का, परवानगीने की कशाच्या आधारावर, काय सापडलं, आणि शेवटी वॉर्निंग, तिकीट की अटक. नावं नकोत, कोणाचंच खाजगी नको. पोलिसाचं नावही नको, फक्त प्रत्येकाला एक आकडा द्या म्हणा, म्हणजे एकाच माणसाचं वेगळं काही असेल तर दिसेल.

कारणाचा रकाना सोडू नका. वेगाचे स्टॉप एकीकडे आणि दिवा, नंबर प्लेट, सिग्नल असले दुसरीकडे, असं वेगळं मांडा. वेगाला मीटर साक्षीदार असतो, दुसऱ्या गठ्ठ्यात पोलिसाची मर्जी जास्त चालते. नॉर्थ कॅरोलायनाने १९९९ मध्ये देशात सगळ्यात आधी हा नोंदींचा कायदा केला. तिथल्या फेएटव्हिल शहराच्या पोलीस प्रमुखांनी २०१३ नंतर भर वेगावर आणि लाल सिग्नल तोडणाऱ्यांवर दिला, बारीकसारीक कारणांचे स्टॉप कमी केले. थांबवलेल्यांतला काळ्यांचा वाटा उतरला आणि अपघातही वाढले नाहीत, उलट घटले. हेमाडपंती, पोलीस काम सोडतील या तुमच्या भीतीला माझ्याकडे हे उत्तर आहे.

तीन मिनिटांत फक्त एवढंच बोला: हा कागद, हा ‘डब्ल्यू’, आणि हा माझा मुलगा.

हेमाडपंती

ताई, तपासणी आणि सापडण्याचा हिशेब मी कधी असा बघितला नव्हता. तो मुद्दा मान्य. मेरीलँडचे आकडे वाचून थोडा वेळ गप्प बसलो.

पण एक सांगतो, कारण कृष्णाकाठना पुढे अडचण नको. लहान गावात वर्षभरात झडत्या होतात किती? त्यातले आशियाई किती? दोन-चार. दोन-चारांवरून टक्केवारी काढून कौन्सिलपुढे ठेवली तर पहिला प्रश्न विचारणारा ती मोडून काढेल. शिवाय मी अजूनही म्हणेन की बहुतेक पोलीस सरळ काम करतात.

रानजाई

अगदी बरोबर, आणि हे बोललात ते बरं झालं. कृष्णाकाठ, आपल्या लोकांचे आकडे तुमच्या गावात इतके थोडे असतील की त्यावरून काहीही सिद्ध करायला जाऊ नका. निदान पाच वर्षांचं मागा. आणि फक्त आपल्यांचं बघू नका. या नोंदी ज्यांच्यासाठी सुरू झाल्या त्या काळ्या आणि हिस्पॅनिक चालकांचे आकडे पुरेसे मोठे असतील, कल तिथे दिसेल. मिनेसोटात फिलांडो कॅस्टिल नावाच्या, शाळेच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या माणसाला तेरा-चौदा वर्षांत चाळीसहून जास्त वेळा थांबवलं होतं. शेवटच्या स्टॉपला, जुलै २०१६ मध्ये, त्याला गोळी घातली. तुमच्या मुलाचे तीन झालेत.

बहुतेक पोलीस सरळ असतील हेही मला मान्य. पोलिसाला आकडा द्या असं मी म्हणते ते म्हणूनच. सरळ माणसाचं नाव सगळ्यांच्या बेरजेत का खराब व्हावं?

कृष्णाकाठ

अर्ज काल दिला. पाच वर्षांचा, ताईंनी सांगितलेले सगळे रकाने लिहून. दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर यायला हवं. हेमाडपंती, तुमच्या आक्षेपामुळे ‘आशियाईंवर अन्याय’ असं जे मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं ते काढलं.

अर्जाचं इंग्रजी मुलाने नीट केलं. मी त्याला म्हणालो, तू कौन्सिलला नाही आलास तरी चालेल, मी कागद दाखवीन. तो म्हणाला, कागदावर तर मी गोरा आहे, मी आलो नाही तर त्यांना कळणार कसं?

बायकोने परवा मुलाचा निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. मंगळवारी सात वाजता आहे. ती पण येतेय.